एक पलंग, दोन शरीरे: मऊ गादी निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातील दांपत्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही घरगुती तपशील गाळले आहेत. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा त्यांच्याशी सुमारे वर्षभर संबंध आला. उपचार करताना मी त्यांना ज्या नात्याने हाक मारत असे त्याच नात्याने, काकू आणि काका म्हणून, येथेही उल्लेख करते. काकूंचे वय ६१, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४९ किलो. काकांचे वय ६६, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. काकू आयुष्यभर उजव्या कुशीवर झोपत आल्या आहेत. काका पाठीवर झोपतात आणि रात्रभर जवळजवळ हलत नाहीत. दोघांची वजने आणि झोपण्याच्या या दोन सवयी वाचकाने लक्षात ठेवाव्यात, कारण पुढचे सगळे त्यांवरच उभे आहे.

घर चिऱ्याचे आणि कौलारू. झोपण्याच्या खोलीत फणसाच्या लाकडाचा जुना पलंग आहे, ७५ इंच लांब आणि ७२ इंच रुंद. त्यावर पूर्वी कापसाच्या गाद्या असत आणि दर दोन वर्षांनी त्या पिंजून घेतल्या जात. पुढे पिंजारी गावात येईनासा झाला, तेव्हा घरच्यांनी चार इंची काथ्याची गादी घेतली. नारळाच्या सोडणाचे तंतू रबराच्या चिकाने एकमेकांना चिकटवून बनवलेली ही गादी टणक असते, दमटपणा बऱ्यापैकी सोसते आणि हवा आरपार जाऊ देते. काकांना ती पंधरा वर्षे उत्तम चालली. काकूंच्या अंगाला ती कधी सोसली असेल असे मला वाटत नाही. पण कडक अंथरूण कमरेला चांगले, हे घरात इतके ठरलेले होते की त्यांनी तक्रार केली नाही.

अडचण

दीड वर्षापासून काकूंचा उजवा खुबा बाहेरच्या बाजूने दुखत होता. रात्री दोन-अडीचला जाग येई, उजव्या खांद्याखालचा हात जड झालेला असे, मग डावी कूस, मग पुन्हा उजवी, असे करत चार-पाच वेळा जाग येऊन पहाट होई. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण तपासणी केली होती आणि खुब्याच्या सांध्यात वयाच्या मानाने विशेष झीज नव्हती.

धाकटा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. आईची झोप मोडते हे त्याला फोनवर कळत होते. गणपतीला येताना तो आठ इंच जाडीची, अत्यंत मऊ मेमरी फोमची गादी घेऊन आला. त्यात प्रेम होते आणि पैसाही बराच गेला होता, म्हणून त्या गादीविषयी पुढे जे घडले ते सांगताना काकू फार संकोचत असत. पहिल्या भेटीत त्या एवढेच म्हणाल्या, "पयल्यो चार राती बऱ्यो गेल्यो. मगे कूस बदलूची तर पलंगाची कड धरूची लागाक लागली."

खुब्याचे दुखणे खरोखरच कमी झाले होते. पण तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी कंबर धरू लागली, आणि काकांना पूर्वी कधी नसलेली कंबरदुखी सुरू झाली. ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला तसा दोघांच्या अंगाला घाम सुटू लागला. शिवाय पलंग इतका उंच झाला की कडेवर बसल्यावर काकूंचे पाय जमिनीला टेकत नसत. नोव्हेंबरच्या मध्यास त्या माझ्याकडे आल्या तेव्हा घरात दोन तट पडले होते. काकांच्या मते मऊ गादी हीच चूक होती. थोरल्या सूनबाईंचे म्हणणे होते की खुबा तर बरा झाला आहे, मग गादी वाईट कशी? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि खरा पेच तोच होता.

तपासणी आणि मोजमाप

गादीकडे वळण्याआधी मला काही गोष्टी नाकारून घ्यायच्या होत्या. पायात बधिरता किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, विनाकारण वजन घटणे, पडल्याचा इतिहास, रात्री कोणत्याही स्थितीत न थांबणारे दुखणे, यांपैकी काही असते तर गादीची चर्चा बाजूला ठेवून मी त्यांना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले असते. यांतले काहीच नव्हते. मांडीच्या हाडाचा जो उंचवटा खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हाताला लागतो, नेमका त्यावर दाब दिल्यावर दुखत होते आणि उजव्या पायावर एकटे उभे राहिल्यावर अर्ध्या मिनिटात तेच दुखणे उमटत होते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये हे दुखणे वारंवार आढळते. नितंबाच्या स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, या उंचवट्यावर चिकटलेले असतात; स्नायू दुबळे झाले की त्यांच्यावर ताण येतो, आणि त्या कुशीवर कठीण पृष्ठभागावर झोपले की हाड आणि गादी यांच्यामध्ये तेच कंडरे चेपले जातात.

यानंतर मी त्यांच्या घरी गेले. दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर कोण कसे झोपते हे पाहून गादीविषयी काही कळत नाही. सूनबाईंच्या मदतीने काकूंच्या पाठीवर, मानेच्या बुडाशी जो मणका उठून दिसतो तेथपासून माकडहाडाच्या वरपर्यंत, कण्याच्या मधोमध टिकल्या लावल्या. काकू नेहमीसारख्या उजव्या कुशीवर निजल्या आणि मागून, पलंगाच्या उंचीवर मोबाईल धरून छायाचित्रे घेतली. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या टिकल्यांची ओळ जमिनीला समांतर आणि सरळ असावी, एवढाच निकष.

आधी पडवीत उभी करून ठेवलेली काथ्याची गादी जमिनीवर अंथरून पाहिली. खांदा आणि खुबा हे दोन रुंद भाग वर उचललेले राहिले आणि कंबर मध्ये खाली लोंबकळली. कंबर आणि गादी यांच्यामधून माझा अख्खा तळवा सहज आरपार गेला. काकूंची अंगकाठी बारीक, कंबर अरुंद आणि खुबे त्या मानाने रुंद आहेत. अशा अंगाला टणक पृष्ठभाग फक्त दोन ठिकाणी स्पर्श करतो आणि सगळे वजन त्या दोन ठिकाणी एकवटते. मग मेमरी फोमची गादी. येथे खुबा छान आत गेला, खांदाही गेला, पण काका शेजारी झोपताच सगळी ओळ त्यांच्या दिशेने कलली आणि काकूंचे ओटीपोट खांद्यापेक्षा खाली गेले. पलंगाच्या दोन्ही कडांना आडवी सुतळी ताणून मी रुतण्याची खोली मोजली. काकूंच्या खुब्याखाली ती चार सेंटिमीटर भरली, काकांच्या नितंबाखाली साडेसात. काका पाठीवर असताना कमरेखाली तळवा सरकवायला वाव नव्हता. छाती व टाचा वर आणि मधला भाग खाली, असे ते झोळीत निजल्यासारखे दिसत होते.

या फोमचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या संशोधनातून, विमानातील आसनांसाठी हे द्रव्य विकसित झाले. शरीराच्या उष्णतेने ते नरम पडते आणि दाबाखाली सावकाश आकार घेते. तितकेच सावकाश ते परत फुगते. थंड हवेत ते टणक राहते, उकाड्यात सैल होते. म्हणजे वातानुकूलित दुकानात जी गादी मध्यम मऊ वाटते तीच कौलाखालच्या ऑक्टोबरातल्या रात्री जास्त मऊ असते. कूस बदलताना स्वतःच्याच आकाराच्या खड्ड्यातून वर चढावे लागते, आणि नितंबाचे स्नायू दुबळे असलेल्या बाईला ते कष्टाचे जाते. काकूंचे पलंगाची कड धरणे हे त्याचेच लक्षण होते.

प्रश्न आता स्पष्ट झाला. काकूंना वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत मऊपणा हवा होता आणि त्याखाली न रुतणारा आधार. काकांना वर थोडाच मऊपणा आणि खाली पक्का आधार. मऊ की कडक हा वाद घरात दोन महिने चालला होता, पण वरचा थर आणि खालचा थर हे वेगळे प्रश्न आहेत हे कोणी सुटे करून पाहिले नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार गादी परत करण्याचा आला. शंभर रात्रींची परतीची मुदत होती. मात्र ती मुंबईत गादी घरपोच झाल्या दिवसापासून मोजलेली होती, परतीसाठी गादी मुंबईच्याच पत्त्यावरून उचलली जाणार होती, आणि ती गावी येण्याआधी मुलाच्या घरी पाच आठवडे गुंडाळलेल्या स्थितीत पडून होती. मुदत संपल्यातच जमा होती, आणि ९१ किलोच्या माणसाने दोन महिने वापरलेली आठ इंची गादी पुन्हा मुंबईला नेणे कोणाला जमण्यासारखे नव्हते. हा पर्याय सुटला.

काकांचा आग्रह कापसाच्या गादीचा होता. मी तो हसण्यावारी नेला नाही. ताज्या पिंजलेल्या कापसाची गादी कुशीवर झोपणाऱ्याला चांगली असते. खुब्याला जागा देते आणि उष्णता साठवत नाही. तिची अडचण दोन-तीन महिन्यांनंतर सुरू होते. कापूस दबतो, त्याचे गोळे होतात आणि जेथे वजन जास्त तेथेच खळगा पडतो. कोकणात जून ते सप्टेंबर हवा ओलावलेली असते, कापूस ती ओल शोषून घेतो आणि ऊन मिळाले नाही की बुरशी धरते. एवढी जड गादी उचलून खळ्यात वाळत घालायची आणि संध्याकाळी आत आणायची कोणी, याचे उत्तर घरात नव्हते. सावरीचा कापूस त्याहून हलका आणि मऊ, पण तो उशीलाच शोभतो. अंगाचे वजन तो पेलत नाही.

स्प्रिंगच्या गाद्यांपैकी प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेला प्रकार कागदावर या दांपत्याला योग्य होता, कारण एकाचे वजन दुसऱ्याकडे कमी पोचते. घर खाडीपासून इतके जवळ आहे की खिडक्यांचे लोखंडी गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागतात. त्या हवेत गादीच्या पोटातल्या पोलादी तारा किती टिकतील याची मला खात्री वाटली नाही, आणि गंज धरल्यास दुरुस्ती करणारा जवळपास नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मी कदाचित हाच सल्ला दिला असता.

लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचा फेस करून तो भाजून घेतलेला पदार्थ. तो दाबला की लगेच वर येतो, त्यामुळे कूस बदलताना खड्डा आड येत नाही, आणि तापमानाने त्याचा मऊपणा फारसा बदलत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागा पाहिलेल्या काकांना हा पदार्थ परका वाटला नाही. संपूर्ण गादी लेटेक्सची घेणे मात्र महाग आणि उचलायला जड.

मऊ गादीखाली फळी घालावी, असेही एका शेजाऱ्याने सुचवले होते. फळी गादीच्या खाली घातली तरी रुतणे वरच्या फोममध्येच होते, म्हणून तिचा उपयोग नव्हता.

खरेदीआधीची चाचणी

या टप्प्यावर नवे काहीही विकत न घेता आठ दिवस थांबण्याचा निर्णय झाला, आणि या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय मी हाच मानते. काथ्याची गादी पुन्हा पलंगावर आली. काकूंच्या बाजूला तिच्यावर घरातल्या दोन जुन्या गोधड्या चौपदरी घडी करून पसरल्या. काकांच्या बाजूला काही नाही. तिसऱ्या रात्रीनंतर काकूंना चार-पाच वेळांऐवजी दोनदाच जाग येऊ लागली. काकांची कंबर आठवडा संपायच्या आत पूर्ववत झाली. टिकल्यांची ओळ पुन्हा पाहिली तेव्हा ती सरळ नव्हती, पण लोंबकळणे बरेच कमी झाले होते. गोधड्या दाबून मोजल्या तर सुमारे साडेतीन सेंटिमीटर भरत होत्या. म्हणजे त्या शरीराला आठ इंचांची कधीच गरज नव्हती.

कोणी विचारील की मग गोधड्यांवरच का थांबलो नाही. त्या रोज सरकत, चुरगळत आणि खुब्याखाली आठवड्याभरात दबून सपाट झाल्या. पंधरा वर्षांची काथ्याची गादीही मधोमध बसली होती आणि तिच्यातून तंतूंचा भुसा झडत होता.

काथ्याच्या कडक गादीवर परत जाऊ नये, असे मी ठामपणे सांगितले. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास आला होता. दीर्घकाळच्या कंबरदुखीच्या ३१३ प्रौढांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली, आणि मध्यम कडक गादीवाल्यांचे दुखणे व दैनंदिन कामातला अडथळा अधिक कमी झाला. युरोपीय मापनपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्यावर या दोन गाद्या २.३ आणि ५.६ होत्या. कडक अंथरुणाचा आग्रह सोडण्यास हा आधार पुरेसा आहे. मात्र तो अभ्यास कंबरदुखीचा होता, खुब्याच्या दुखण्याचा नव्हता, म्हणून काकूंसाठी मी त्याचा आकडा उचलला नाही. त्यांच्यासाठी टिकल्यांची ओळच प्रमाण होती.

प्रत्यक्ष कृती

ठरले ते असे: एकाच पलंगावर ३६ इंच रुंदीच्या दोन स्वतंत्र गाद्या, दोन्हींची उंची सहा इंच, पण आतले थर वेगळे. काकूंसाठी खाली चार इंच ४० घनतेचा फोम आणि वर दोन इंच मऊ लेटेक्स. काकांसाठी खाली चार इंच नवी काथ्याची गादी आणि वर दोन इंच ४० घनतेचा फोम. उंची समान ठेवणे अत्यावश्यक होते, नाहीतर मधल्या सांध्यावर पायरी झाली असती.

घनतेविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. बाजारात ४० घनता म्हणजे कडक आणि ३२ म्हणजे मऊ असे सर्रास सांगितले जाते. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. तिच्यावरून गादी किती वर्षे टिकेल याचा अंदाज येतो, मऊपणाचा नाही. त्याच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. घनता तपासायला वजनकाटा पुरतो. ७५ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि चार इंच जाड तुकडा ४० घनतेचा असेल तर साधारण सात किलो भरतो. ३२ घनतेचा असेल तर पावणेसहाच्याही आतच राहतो. तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानात दाखवलेला पहिला तुकडा साडेपाच किलो भरला. दुकानदाराने काही न बोलता दुसरा आणला, तो सात किलोंच्या किंचित वर गेला.

दुकानात गादी निवडताना बहुतेक माणसे उभ्यानेच तळहाताने दाबून पाहतात किंवा कडेवर बसतात. हाताच्या दाबात आणि अंगाच्या वजनात काही संबंध नाही, आणि बसल्यावर सगळे वजन एका ठिकाणी येते. झोपून पाहायचे, तेही आपल्या नेहमीच्या स्थितीत आणि किमान पंधरा मिनिटे. काकूंना भरल्या दुकानात आडवे होण्याची लाज वाटली. तेव्हा दुकानदाराला विनंती करून गाद्या मागच्या गोदामात अंथरल्या आणि सूनबाईंनी चादरीचा आडोसा धरला. लेटेक्सच्या दोन प्रकारांपैकी काकूंनी हाताला आवडलेला पहिला नाकारून दुसरा निवडला, कारण पहिल्यावर दहाव्या मिनिटाला खांदा जड होऊ लागला होता. दोन मिनिटांत त्या उठल्या असत्या तर पहिलाच घरी आला असता.

वजनाचा विचार येथे सर्वसाधारणपणे सांगते. कुशीवर झोपणाऱ्या हलक्या माणसाला वरचा थर मऊ लागतो, कारण त्याचे वजन टणक थर दाबूच शकत नाही. त्याच कुशीवर झोपणारा माणूस ९० किलोंचा असेल तर तोच मऊ थर तळाशी बसतो. त्याला जरा घट्ट आणि जाड थर हवा. पाठीवर झोपणाऱ्याला कमरेखालची पोकळी भरली जाईल इतकाच मऊपणा पुरे. पोटावर झोपणाऱ्याला मऊ गादी सहसा मानवत नाही, कारण पोट खाली जाते आणि कंबर मागे वाकते.

पलंगाचे प्लायवूड काढले तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला काळपट बुरशीचे ठिपके होते. मेमरी फोमच्या गादीखाली घरच्यांनी पॅकिंगचे प्लास्टिक तसेच ठेवले होते. अंगाचा घाम आणि दमट हवा खाली उतरून तेथेच कोंडत होती. सुताराने तीन इंच रुंद पट्ट्या दोन-दोन इंचांच्या फटी सोडून बसवल्या, आणि काकांच्या वजनासाठी मधोमध एक आडवा आधार दिला. फटी याहून रुंद असत्या तर फोम त्यांच्यात उतरला असता. प्लास्टिक फेकून दिले आणि सुती खोळी शिवल्या.

गाद्यांबरोबरच मी काकूंना नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करून दिले आणि झोपताना गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी ठेवायला सांगितली, म्हणजे वरचा पाय पुढे पडून खुब्यावर ताण येत नाही.

मुलाला काय सांगायचे हा प्रश्न काकूंना सर्वांत जड होता. त्यांनी स्वतःच त्याला फोन करून सांगितले की तुझ्या गादीमुळेच आपल्याला मऊपणा हवा आहे हे कळले. ते खरेही होते. ती गादी माडीवरच्या खोलीत गेली, आणि सुट्टीत येणारी मुले तिच्यावर आनंदाने झोपतात.

परिणाम

पहिल्या दहा दिवसांत खुबा आणि कंबर दोन्ही सुधारले, पण काकूंची मान धरली. कारण शोधायला मला वेळ लागायला नको होता. काथ्याच्या गादीवर खांदा वरच राहत असल्यामुळे त्या दोन उशा घेत. आता खांदा लेटेक्समध्ये खाली गेला, तरी उशा त्याच. कुशीवर झोपणाऱ्याच्या उशीने कान आणि गादी यांच्यातले अंतर भरायचे असते, आणि गादी मऊ झाली की ते अंतर कमी होते. एक उशी काढली, दुसरीची शिवण उसवली आणि सावरीचा कापूस मुठीमुठीने काढत गेलो, जोपर्यंत मानेवरची टिकली बाकीच्या ओळीत येत नाही तोपर्यंत. चार मुठी कापूस निघाला आणि तीन दिवसांत मान सुटली.

बाराव्या आठवड्याला काकूंना रात्रीतून एकदाच जाग येत होती. खुब्याचे दुखणे दहापैकी सातवरून दोनवर आले होते. काकांची सकाळची कंबर मोकळी होती. पाय आता जमिनीला टेकतात, हे काकूंनी मी न विचारता सांगितले.

जुलैत लावणीच्या दिवसांत तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढताना दिवसभर वाकून खुबा पुन्हा चार-पाचवर गेला आणि लावणी संपल्यावर पंधरा दिवसांत उतरला. त्या काळात गादीत काही बदल केला नाही. पावसाळा संपल्यावर गाद्या उभ्या करून पाहिल्या तेव्हा खालच्या अंगाला बुरशी नव्हती.

एक नुकसान मात्र झाले. मे महिन्यात काकूंच्या नणंदेने, पावसाआधी गाद्यांना ऊन दाखवायची घरची रीत म्हणून, लेटेक्सचा थर खोळीतून काढून दिवसभर खळ्यात टाकला. कापसाला जे ऊन औषध, तेच लेटेक्सला मारक. एका कोपऱ्याला तो पिवळा पडला आणि बोट चोळले की भुगा सुटू लागला. सुदैवाने तो कोपरा पायाकडे होता, म्हणून थर उलटसुलट करून निभावले. त्या बाईंचा यात काही दोष नाही. लेटेक्स आणि फोम सावलीत, वाऱ्याला, भिंतीशी उभे करायचे, एवढे मी पहिल्याच दिवशी घरात सर्वांना सांगायला हवे होते, आणि मी ते फक्त सूनबाईंना सांगितले होते.

वेगळे काय करता आले असते

मी गाद्या आणि व्यायाम एकाच आठवड्यात सुरू केले. त्यामुळे बाराव्या आठवड्यातली सुधारणा किती गादीमुळे आणि किती स्नायूंना ताकद आल्यामुळे, हे मला सांगता येत नाही. गोधड्यांच्या आठ दिवसांत व्यायाम नव्हते, म्हणून तेवढी सुधारणा अंथरुणाची असे धरता येते, पुढची दोन्हींची. काकूंना थांबवून ठेवणे मला योग्य वाटले नाही आणि आजही वाटत नाही, तरी व्यायाम दोन आठवडे आधी सुरू केले असते तर नोंद अधिक स्वच्छ राहिली असती, आणि कदाचित दोन इंचांऐवजी दीड इंच लेटेक्सही पुरले असते.

उशीचा विचार गादीच्या दिवशीच व्हायला हवा होता. छायाचित्रे माझ्याजवळ होती, त्यांत दोन उशा दिसतही होत्या. माझे लक्ष कमरेवर खिळले होते.

मुलाच्या बाजूने पाहिले तर खरेदीआधी एक फोन पुरला असता: आई कोणत्या कुशीवर झोपते, तिचे वजन किती, शेजारी कोण झोपते आणि त्याचे वजन किती, पलंगाखाली फळी आहे की पट्ट्या. परतीची मुदत असलेली गादी घ्यायचीच तर ती जेथे वापरायची त्याच पत्त्यावर मागवावी आणि तेथून परत उचलतात का हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. काकूंनीही चौथ्या रात्रीवर निकाल दिला नसता तर बरे झाले असते. नवे अंथरूण पहिल्या आठवड्यात बहुधा बरेच वाटते. कंबर आपले म्हणणे तिसऱ्या आठवड्यात सांगते.

आणि माझ्या केसपेपरवर पहिल्या भेटीत "रुग्ण: स्त्री, ६१" एवढेच लिहिलेले आहे. काकांचे वजन मी विचारले ते घरी गेल्यावर, सुतळी हातात असताना, म्हणजे तब्बल बारा दिवसांनी. तेव्हापासून रात्रीच्या दुखण्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर, शेजारी कोण झोपते, ही ओळ मी वयाच्या खालीच लिहिते.